‘कट’पासून ‘ॲक्शन’पर्यंत

भिंगरीने पहिली फिल्म करण्याआधीच त्या फिल्मबद्दलची मुलाखत तयार ठेवली होती! मुलाखत घेणार कोण, हा प्रश्न अजून सुटायचा होता. पण उत्तरं पाठ होती. त्यातलं तिचं लाडकं उत्तर असं : “मी काढलेला शॉट पुन्हा बघत नाही. ज्याचा स्वतःवर भरवसा नाही, तो पुन्हा बघतो.”

हे वाक्य ती कॉलेजच्या कँटीनमध्ये टेबलावर हात आपटून म्हणायची. समोर तिची सगळी फौज बसलेली असे, म्हणजे दोघं जण. एक फोकस. हा कॅमेरा चालवणारा. कॅमेऱ्यातून बघताना त्याला मुंगीचा पायसुद्धा दिसे, पण कॅमेरा बाजूला केला की समोरची पायरी दिसत नसे. दुसरा कात्री. हा एडिटिंग करायचा. बोलतानाही तो स्वतःच्या वाक्यातले निम्मे शब्द कापून टाकी, त्यामुळे त्याचं म्हणणं काय आहे हे समोरच्याला बहुधा दुसऱ्या दिवशी कळायचं.

भिंगरी हे अर्थात घरचं नाव. एका जागी ठरत नाही म्हणून आत्याने ठेवलेलं. हजेरीपटावर दुसरंच काहीतरी होतं, पण ते आता शिक्षकही विसरले होते.

तर, पिचिंगचा दिवस उजाडला. पिचिंग म्हणजे विद्यार्थ्याने शिक्षकांपुढे उभं राहून आपली न झालेली फिल्म तोंडाने अशी रंगवायची, की त्यांनी भुलून कॅमेरा द्यावा. मुख्य सर भुलणाऱ्यांपैकी नव्हते.

“फिल्मचं नाव ‘एकटी’,” भिंगरीने सुरुवात केली. “एक बाई. एक घर. एक दिवस. आणि सर, शेवटपर्यंत एकही शब्द नाही!”

सरांनी पेनाला टोपण लावलं. ही वाईट खूण होती.

“खिडकी आहे?”

“आहे, सर.”

“बाई खिडकीबाहेर बघते?”

“अधूनमधून.”

“घड्याळाची टिकटिक?”

“छे! घड्याळ अजिबात नाही!”

“चहाचा कप?”

भिंगरीने एक बोट वर केलं. “एकच आहे, सर. पण त्यात चहा निवत नाही.”

“का?”

“ती पिऊन टाकते.”

सर खुर्चीत मागे रेलले. “बाळ, या खुर्चीत बसून मी किती बायका खिडकीबाहेर बघताना पाहिल्या असतील! त्यांनी बाहेर बघायच्या ऐवजी एकदा एकमेकींकडे बघितलं असतं, तर एकटेपणाचा प्रश्न कायमचा मिटला असता!”

बाकीचे शिक्षक हसले. दुसरं कुणी असतं तर खाली मान घालून बाहेर पडलं असतं. पण भिंगरीची हीच तर गंमत आहे. पडायची वेळ आली की ही उडी मारते! “सर,” ती म्हणाली, “त्या बायका नुसत्या बघत होत्या. माझी बाई दिसेल!”

या वाक्याचा अर्थ काय, हे भिंगरीलाही ठाऊक नव्हतं. पण सरांनी पेनाचं टोपण काढलं.

“बरं. कॅमेरा एका दिवसासाठी मिळेल. पुन्हा मागायला यायचं नाही. आणि फिल्म दिली नाहीस, तर हे वर्ष पुन्हा. चालेल?”

“धावेल, सर!”

आता बाई कोण? बाई घरचीच होती. भिंगरीची आत्या. ही बाई एकटी राहते आणि लोकांना मोटार चालवायला शिकवते. तिच्या गाडीत शिकणाऱ्याच्या पायाशी एक ब्रेक आणि तिच्या पायाशी दुसरा. शिकणारा कितीही घाबरला, कुठल्याही भिंतीवर निघाला, तरी आत्याचा पाय वेळेवर पडणार आणि तोंडही वेळेवर सुटणार! अर्ध्या शहराने तिच्या शिव्या खात गिअर बदलायला शिकून घेतलं होतं, आणि तीच माणसं नंतर आपल्या मुलांना तिच्याकडेच पाठवत होती. मला विचाराल, तर अशी बाई प्रत्येक गावात एक तरी असायलाच हवी.

“एकटेपणावर आहे ना? मग मीच,” आत्या म्हणाली. “करायचं काय असतं?”

“काही नाही. गप्प बसायचं.”

बाबांनी पेपर खाली ठेवला. “हिला? गप्प?” बाबा आत्याचे थोरले भाऊ, त्यांचा अनुभव मोठा होता. “त्यासाठी वेगळं तंत्रज्ञान लागेल.”

“दादा, तू पेपर वाच.”

शूटिंगच्या दिवशी सकाळीच सगळे आत्याच्या घरी हजर झाले. बाबांना उजेड परतवायचा पांढरा पुठ्ठा धरायला दिला. कात्रीकडे काठीला बांधलेला माईक. फोकसने कॅमेरा तिकाटण्यावर चढवला, बॅटरी संपायची भानगड नको म्हणून भिंतीच्या प्लगला जोडला, आणि “बटण चालतंय का बघू” म्हणून एकदा बटण दाबलं. चालत होतं.

तेवढ्यात भिंगरीला साक्षात्कार झाला. “फोकस, आपली चौकट मोठ्या सिनेमासारखी हवी. लांबट! आडवी!”

“ते एडिटिंगमध्ये होईल की.”

“मला आत्ता दिसली पाहिजे!”

मग फोकसने कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर वरून एक आणि खालून एक अशा काळ्या चिकटपट्ट्या लावल्या. मधल्या फटीतून आत्या दिसू लागली. काय दिसली! मोठ्या पडद्यावरचीच! भिंगरीने स्वतःचीच पाठ थोपटली आणि ओरडली, “ॲक्शन!” फोकसने बटण दाबलं.

आणि आत्या खरोखर गप्प बसली. खिडकीपाशी खुर्चीत बसून तिने असा काही चेहरा केला, की बाबांचा पुठ्ठा खाली आला. एका शॉटमध्ये तर तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. “कट!” म्हणताना भिंगरीचाच आवाज फुटला. फोकसने डोळे पुसत बटण दाबलं.

“एकदा बघूया का, कसं आलंय?” कात्रीने विचारलं.

“पुन्हा बघायचं नाही!” भिंगरी गरजली. “भरवसा!”

संध्याकाळी कॅमेऱ्याचं कार्ड काठोकाठ भरलं. “भरपूर काम झालं,” फोकस खूश होऊन म्हणाला. एवढं कसं झालं, हे कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं एडिटिंगच्या खोलीत बसली. कात्रीने पहिली क्लिप उघडली. पडद्यावर बाबा पुठ्ठा डोक्यावर धरून उभे होते, आणि शेवटी भिंगरीचा आवाज आला : “ॲक्शन!” क्लिप संपली.

“ही चुकून आली असेल. पुढची लाव.”

पुढची क्लिप सुरू झाली. “कट!” आत्या खुर्चीतून उठली, कमरेवर हात देऊन म्हणाली, “दादा, तो पुठ्ठा सरळ धर, छत्री नाहीये ती!” मग बरीच गडबड. मग “ॲक्शन!” क्लिप संपली.

तिसरी : “कट!” आणि शेवटी “ॲक्शन!” चौथी : “कट!” आणि शेवटी “ॲक्शन!”

कात्री शेवटच्या क्लिपपर्यंत जाऊन आला आणि त्याने पहिल्यांदाच पूर्ण वाक्य उच्चारलं : “आपण म्हणालो ‘ॲक्शन’ की कॅमेरा बंद झालाय, आणि म्हणालो ‘कट’ की चालू झालाय.”

सगळे फोकसकडे वळले. फोकसला आठवलं. बटण चालतंय का म्हणून एकदा दाबलं होतं. बंद करायला ते पुन्हा दाबायचं राहिलं. तेव्हापासून प्रत्येक दाब उलटा!

“अरे पण स्क्रीनच्या कोपऱ्यात लाल ठिपका येतो ना, चालू असताना? तो नाही दिसला?”

“येतो,” फोकस रडवेला होऊन म्हणाला. “वरच्या कोपऱ्यात. चिकटपट्टीखाली.”

चिकटपट्टी कुणाची कल्पना, हे कुणी बोललं नाही. मित्र असावेत तर असे!

कॅमेरा परत गेलेला. पुन्हा मागायची सोय नाही. पण वर्ष वाया जाण्यापेक्षाही भिंगरीला खुपली ती वेगळीच गोष्ट. आत्या रडली होती. खरं रडली होती. तो सगळा अभिनय हवेत गेला! हे तिला सांगायचं कुणी आणि कोणत्या तोंडाने?

तेवढ्यात फोन वाजला. आत्याच!

“भिंगरे, माझं काम कसं आलंय गं?”

“आत्या,” भिंगरी म्हणाली, “मी... मला बोलताच येत नाहीये.”

“इतकं चांगलं?” आत्या गहिवरली. “बरं ऐक, मी सगळ्या शिष्यांना सांगून टाकलंय. जुने-नवे सगळे येणार आहेत बघायला. हॉल मोठा आहे ना?”

भिंगरीने फोन ठेवला आणि डोकं टेबलावर. मग एकदम उठली. “फोनवर शूट करू! आजच्या आज! तेच शॉट, तीच खुर्ची!”

तिघं धावत आत्याच्या घरी गेली. आत्याने दार उघडलं. कालपर्यंत पाठीवर रुळणारे आत्याचे केस आज कानापाशी संपले होते!

“कशी दिसते?” तिने मान हलवून दाखवली. “नायिका आहे म्हटलं आता मी, जरा शोभायला नको?”

“छान,” भिंगरी म्हणाली. “फारच छान,” फोकस म्हणाला. कात्रीने तेवढाही शब्द वाया घालवला नाही. तिघं चहा पिऊन परत आली. येताना आत्याने प्रत्येकाच्या हातात बिस्किटांचा पुडा कोंबला. त्यामुळे तर आणखीच वाईट वाटलं.

पुढचे दोन दिवस भिंगरी नुसती खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होती. फोकस माफी मागत होता. कात्री मात्र हेडफोन लावून बसला होता. तो क्लिप बघत होता. आणि बघता बघता हसत होता. कात्री हसतो, ही बातमीच होती.

“काय आहे एवढं?”

“बस. बघ.”

भिंगरी बसली. काढलेला शॉट पुन्हा न बघणारी भिंगरी मुकाट्याने बसून पहिल्यापासून सगळं बघू लागली.

पडद्यावर “कट!” झालं. आत्याच्या मांडीवरचा फोन वाजला. तिने तो स्पीकरवर टाकला. पलीकडून एक बाई हुंदके देत होती : चढावर गाडी बंद पडली, मागचे सगळे भोंगे वाजवताहेत! “वाजवू देत. त्यांच्या बापाचं काय जातंय!” आत्या म्हणाली. “ब्रेक दाब. तो नाही, तो क्लच. रडू नकोस. आधी ब्रेक, मग रड.” थोड्या वेळाने पलीकडून गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. “शाबास! आता रड हवं तर.” पण पलीकडची बाई हसत होती.

पुन्हा “कट!” फोकसच्या शर्टाचं बटण लोंबत होतं. आत्याने त्याला धरून खिडकीच्या उजेडाकडे वळवलं आणि शर्ट अंगातच असताना बटण शिवलं. “हलू नकोस, नाहीतर तुझ्यासकट शिवीन!” पुन्हा “कट!” कात्रीचा हात भरून आला होता, आत्याने त्याला खुर्चीत बसवलं, दंड चोळून दिला आणि माईकची काठी स्वतः धरून उभी राहिली. पुन्हा “कट!” बाबांना तिने रक्त तपासून आणायला दहा वेळा सांगितलं होतं, ते अकराव्यांदा सांगितलं, बाबांनी पुठ्ठ्यामागे तोंड लपवलं, तर पुठ्ठा बाजूला सारून सांगितलं!

आणि एक लांबलचक क्लिप. सगळे चहाला बाहेर गेले होते. खोलीत आत्या एकटी. ती खुर्चीत बसली, दुःखी चेहऱ्याचा सराव केला, खिडकीबाहेर बघून एक उसासा सोडला, आणि स्वतःलाच खुदकन हसली. पुन्हा उसासा, पुन्हा खुदकन, असं तीन-चारदा! मग उठून पडदा सरळ केला आणि कुणाची तरी वाट बघत दाराकडे तोंड करून बसली. तोंडभर हसू घेऊन!

भिंगरीने ती क्लिप मागे नेऊन पुन्हा पाहिली. ती लहानपणापासून या घरात येत होती, आणि तिला आत्यावर फिल्म सुचली ती एकटेपणाची! तिला स्वतःची लाज वाटली आणि आत्याचं अतोनात कौतुक वाटलं. दोन्ही एकदमच.

“शब्द नाहीत म्हणून सरांना सांगितलंय मी,” ती शेवटी म्हणाली. “यात तर शब्दच शब्द आहेत.”

“सांगू की चुकलं,” कात्री म्हणाला. मग त्याने आपली युक्ती दाखवली. प्रत्येक “ॲक्शन!”नंतर पडदा पूर्ण काळा. एकदम शांत. प्रेक्षक वाट बघतोय, बघतोय, आणि “कट!” आणि घर पुन्हा भरून वाहतंय! नाव तेच ठेवायचं, ‘एकटी’.

मी खरं सांगतो, असा एडिटर मिळायला नशीब लागतं. त्या पोराने कचऱ्यातून फिल्म उभी केली, आणि वर विचारलं, “बरं झालंय?”

दाखवायचा दिवस आला. हॉल खच्चून भरला. अर्ध्या खुर्च्यांवर आत्याचे शिष्य. नवशिके होते, टॅक्सीवाले होते, एक डॉक्टरीणबाई होत्या. आत्या पहिल्या रांगेत, कापलेल्या केसांवर क्लिप लावून. भिंगरीने ठरवलं होतं, दिवे विझायच्या आत तिला सगळं सांगून टाकायचं. ती तिच्याजवळ तीनदा गेली. तिन्ही वेळा आत्याने तिची ओळख कुणाला तरी करून दिली, “ही आमची दिग्दर्शिका!” आणि भिंगरी त्यांना नमस्कार करून परतली. दिवे विझले.

काळा पडदा. “कट!”

पहिल्याच मिनिटाला हशा उसळला. “आधी ब्रेक, मग रड” ला तर शिष्यमंडळी उभी राहून टाळ्या वाजवू लागली. प्रत्येकाने ते वाक्य कधी ना कधी ऐकलेलं होतं. आणि शेवटी आत्या दाराकडे तोंड करून हसत बसली, तेव्हा हॉल असा चिडीचूप झाला की बाबांचं नाक ओढणं सगळ्यांना ऐकू गेलं.

मुख्य सर उठले. चष्मा पुसत उठले! “ही बाई,” ते म्हणाले, “कॅमेरा आहे हेच विसरून गेली आहे. इतकं सहज मी विद्यार्थ्यांच्या फिल्ममध्ये पाहिलेलं नाही. भिंगरी, हे आधीपासून योजलं होतंस?”

हीच ती मुलाखत! भिंगरीकडे सगळी उत्तरं पाठ होती. तिने आत्याकडे बघितलं आणि तिला त्यातलं एकही देववेना.

“नाही सर. कॅमेरा उलटा चालला. आम्ही गाढव आहोत.”

हॉल खो खो हसला. “आणि वर हा विनय!” सर म्हणाले आणि टाळ्या वाजवू लागले. खरं बोलल्याबद्दल एवढ्या टाळ्या कुणाला मिळाल्या नसतील.

गर्दी ओसरल्यावर भिंगरीने आत्याला दाराशी गाठलं. मागे फोकस आणि कात्री, अपराध्यांसारखे.

“आत्या, मला माफ कर. तू केलेला अभिनय त्यात नाही. तुझं रडणं, ते सगळं... कॅमेरा बंद होता. एकही शॉट आला नाही गं!”

“हो, बंदच होता,” आत्या शांतपणे म्हणाली.

“तुला माहीत होतं?”

“म्हणजे काय! कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला दिवा नाही का, बारका, लाल? माझ्याच तोंडासमोर. तू ‘ॲक्शन’ म्हटलंस की विझायचा, ‘कट’ म्हटलंस की लागायचा.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“दिग्दर्शक तू! मला वाटलं, ही तुझी पद्धत. आधी सगळ्यांना गंभीर बसवून थकवायचं, आणि सुटले की पकडायचं. म्हटलं, पोरगी भलतीच हुशार निघाली!”

भिंगरीने कपाळावर हात मारला. “म्हणजे... तो फोन?”

“फोन खरा. पण स्पीकरवर मी टाकला. एका बाजूचं बोलणं ऐकून लोकांना काय कळणार?”

“आणि माझं बटण?” फोकसने घाबरत विचारलं.

“तुला उजेडाकडे कशाला वळवलं मग? माझा चेहरा अंधारात जात होता.”

“बाबांना रागावलीस ते?”

“छे! दादाला रागवायला अभिनय कशाला लागतो?”

“आणि शेवटचं?” भिंगरीचा आवाज अगदी बारीक झाला. “आम्ही बाहेर गेलो होतो ते? खुदकन हसलीस ते?”

“ते चौथ्यांदा जमलं,” आत्या म्हणाली. “पहिली तीन कापलीत वाटतं? बरं केलंत.”

सगळे कात्रीकडे वळले. “मला वाटलं,” कात्री पुटपुटला, “त्यांना हसू आवरत नाहीये.”

आत्याने पर्समधून गाडीची किल्ली काढली, भिंगरीच्या गालावर एक चापटी मारली, आणि निघता निघता वळून म्हणाली, “फक्त एक कर. पुढच्या वेळी ‘कट’ जरा मोठ्याने म्हण. सुरू कधी करायचं ते नीट ऐकू येत नाही!”